न ऐकलेलं स्वगत

"चहात साखर नावालाच. पण या घरात बोलायची सोय आहे का?" भावोजी खिडकीकडे तोंड करून पुटपुटले. दोन हातांच्या अंतरावर बसलेली ताई कपाटाला म्हणाली, "डबा समोर आहे. हातही धडधाकट आहेत."

दोघांनीही एकमेकांचं अक्षरही ऐकलं नाही. सव्वीस वर्षं नाटकांत नवरा-बायकोची कामं करून त्यांनी रंगमंचावरचा नियम घरी आणलाय. मान वळवून बोललेलं ते स्वगत. ते प्रेक्षकांनी ऐकायचं, शेजारच्याने नाही. घरात प्रेक्षक मी एकटी, ताईची धाकटी बहीण. नियम तसा सोयीचा. भांडणं रोज होतात, पण भांडण झालं असं कुणाला म्हणता येत नाही.

नाटकात मी प्रॉम्प्टर. विंगेत वही घेऊन बसते, कुणी अडलं की पुढचा शब्द पुरवते. पूर्वी भावोजी बोलत असले की मी खुशाल स्वेटर विणायचे. यंदा वहीवरून नजर हलवायची सोय नाही; त्यांची निम्मी वाक्यं आधी माझ्या तोंडून निघतात. आमचे दिग्दर्शक, म्हणजे मास्तर, पंख्याच्या घरघरीला दोष देतात. ताई लेखकाला देते. मी माझ्या बसलेल्या घशाला. खरं काय ते बोलायला कुणाचीच जीभ रेटेना.

प्रयोग आठ दिवसांवर आला. कालच्या तालमीत तिसरा अंक, त्यात बापाचं लांबलचक स्वगत. भावोजी पुढे आले. बाकीचे ठरल्याप्रमाणे जागच्या जागी थिजले, ताई चहाचा ट्रे धरून. मी पहिला शब्द दिला. मग दुसरा. मग अख्खं वाक्य. भावोजी समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले.

"पाठ केलेलं राहत नाही," ते हळूच म्हणाले. "परवा आपलाच मजला चुकलो. वरच्यांच्या कुलपात किल्ली घालत बसलो. हिला सांगितलं तर घाबरेल. मास्तरांना सांगितलं तर काम जाईल."

वहीत यातलं काही नव्हतं. सवयीने मी दोन पानं उलटूनही पाहिली. नियमाप्रमाणे कुणी काही ऐकलंच नव्हतं. मुलीचं काम करणारी नटी भिंत न्याहाळू लागली. मास्तरांनी टोक असलेल्याच पेन्सिलीला पुन्हा टोक काढायला घेतलं. ताईच्या ट्रेमधले कप मात्र किणकिणायला लागले.

तिने ट्रे खाली ठेवला. ही तिची हलायची जागा नव्हे, म्हणून मास्तरांनी हात वर केला, आणि तसाच खाली घेतला.

"मी ऐकलं," ताई म्हणाली.

"तुला ऐकू यायला नको," भावोजी मान न वळवता म्हणाले. "स्वगत आहे."

"असू दे." ती त्यांच्यासमोर, खुर्च्यांकडे पाठ करून उभी राहिली. प्रेक्षकांकडे पाठ तिने जन्मात केली नव्हती. "वर किल्ली खुडबुडत होती तेव्हा मी खाली आपल्या दारातच उभी होते. अहो, तुम्ही विसरायला लागलाय."