ओल्या हवेतले बारा कूलर

‘शांत, निवांत, हिरवे बेट’ असे माहितीपत्रकात छापले होते आणि तिन्ही विशेषणे अक्षरशः खरी निघाली, हे मान्य करायलाच हवे. वीज गेली की सारे शांत होई. बोट आठवड्यातून दोनदाच येत असल्यामुळे निवांतपणाला पर्याय नव्हता. हिरवेपणा चौथ्या दिवशी माझ्या चपलांवर उगवला आणि सहाव्या दिवशी सोबत नेलेल्या ग्रंथाच्या बांधणीवर.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा कैलास हैदराबादच्या हायवेवर, जाम गावच्या चौकात कूलर बनवतो. पत्रा कापण्यापासून वाळ्याच्या ताट्या बसवण्यापर्यंत सारे स्वतःच्या हाताने. मे महिन्यात त्या बेटावरच्या विश्रामगृहाचे मालक हैदराबादकडे जाताना तिथे थांबले. बाहेर शेहेचाळीस अंश. कूलरसमोर बसून त्यांनी डोळे मिटले आणि उठताना बारा कूलर सांगितले. कैलास ते बसवायला निघाला, तेव्हा मलाही घेऊन गेला. “आत्या, तू समुद्र नाई पाह्यला. चाल.”

समुद्र पाहिला. खोलीतही तोच होता. आधीच ओल्या असलेल्या हवेत कूलर आणखी ओल ओतत होता आणि पिळायची राहून गेलेली गोधडी पांघरल्यासारखी मी आठ रात्री पडून होते. कैलास रोज सकाळी दारात येऊन विचारी, “गार लागून राह्यलं ना, आत्या?” अडतीस वर्षे विद्यार्थ्यांच्या एकेका सैल विधानावर तांबडी रेघ ओढणारी मी म्हणे, “हो रे.”

परतल्यावर पंधरा दिवसांनी तो वर्ध्याला माझ्याकडे आला. मालकाचा निरोप होता : पाहुणे तक्रारी करतात, तुझे कूलर भंगार आहेत, आणि हे मी हायवेवर सगळ्यांना सांगणार.

“वीस वर्सं झाले, आत्या. कोनं असं बोललं नाई,” तो खाली पाहत म्हणाला. “तू तिथं राह्यली होती. खरं काय थे लिवून दे त्याले.”

मी थंड डोक्याने चार पाने लिहिली. संताप फार झाला की माझे अक्षर सुबक येते. छताच्या गळतीचा मी काळवेळासह तपशील दिला, वरणाला येणाऱ्या मासळीच्या वासाची मीमांसा केली, आणि शेवटी लिहिले की कूलर निर्दोष आहेत. दोष ते मागवणाऱ्याच्या अज्ञानाचा आहे. मग कैलासला वाचून दाखवले. मासळीपाशी तो हसला. शेवटाला मात्र म्हणाला,

“आत्या, हे अर्धं हाय.”

“काय राहिलं?”

“माही चूक. ओल्या हवेत कूलर चालत नाई, हे कूलरवाल्याले मालूम पायजे. पह्यल्याच दिवशी मले समजलं. तरी बाकीचे अकरा बसवले.”

“मग मला रोज का विचारत होतास?”

“तू ‘हो’ म्हने, मंग मले वाटे, चालत असन बापा!”

जो मुद्दा मी मायेपोटी गाळला, तो त्याने जागेवर आणून ठेवला होता.

“हे लिहिलं तर मालक तेच दाखवेल सगळ्यांना,” मी म्हटले.

“दाखवू दे ना. कूलर चांगले, पन मी चुकलो, असं दिसन. ‘भंगार’ त नाई दिसनार. मी जाऊन काढून आनतो बाराही.”

मी लिहिले : ‘कारागिराकडूनही किंचित अनवधान झाले.’

“‘किंचित’ काऊन?” त्याने बोट ठेवले. “अन् अनवधान म्हंजे काय? सरळ ‘चूक’ लिव ना.”

मी ‘किंचित’वर रेघ ओढली. ‘चूक’ लिहिले.

“अन् तुही?”

“माझी कोणती?”

“निंगाच्या आधी मी म्हनलं होतं, चारी बाजूनं पानी हाय, मंग कूलर त दुप्पट गार करन. तर्कशास्त्र शिकवत होती ना तू? तू म्हनली, बरोबर आहे.”

चौथ्या पानावर जागा उरली नव्हती. मी पाचवे घेतले.