बिशपांनी दिलेला शब्द

सीरियातल्या ओरोन्तेस नदीकाठचं मुसलमानांचं ते गाव ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांना शरण येणार हे ठरलं, तेव्हा बिशप गोदमारांनी क्रूसावर हात ठेवून शब्द दिला होता : अंगावरच्या कपड्यांनिशी निघा, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही.

छावणीत हे कुणालाच रुचलं नाही. हिवाळाभर वेढा घालून माणसं घोड्यांची कातडी उकडून खात होती. गावात लूट मिळेल, या एका आशेवर ती तगली होती.

सकाळी वेस उघडली, तर छावणीतला सरदार इझार्न तलवार उपसून वाटेत उभा. मागे त्याची माणसं.

"स्वामी, बाजूला व्हा. तुम्ही प्रार्थना सांभाळा, हे आमचं काम."

"तुझं काम मला शिकवू नकोस," गोदमार म्हणाले. "झगा चढवण्याआधी मीही चिलखत वागवलंय."

ते खेचरावरून उतरले. वेशीत पहिली आली ती गाढवावर बसलेली एक म्हातारी. तिच्या गाढवाचा लगाम त्यांनी स्वतःच्या हातात घेतला आणि चालू लागले.

गर्दीतून आल्देबेर्ता पुढे आली. मायदेशातल्या, बिशपांच्याच गावची पावभट्टीवाली. नवरा आणि थोरला पोरगा, दोघांनाही तिनं या वेढ्यात पुरलं होतं.

"बाबा, माझी माणसं मातीत गेली, आणि तुम्ही यांची गाढवं हाकताय?"

गोदमार थबकले. जेरुसलेम सोडवायला चला, अशी हाक गावच्या चर्चच्या पायऱ्यांवरून त्यांनीच दिली होती. तिच्या पोराच्या खांद्यावर कापडी क्रूस त्यांनीच टाचला होता, आणि तो पोरगा लाजून हसला होता.

"त्यांना मी आणलं, आल्देबेर्ता. यांनी नाही. शिव्या घालायच्या तर मला घाल."

"घालतेच आहे!" ती ओरडली. पण वाटेतून सरली.

इझार्न मात्र हलला नाही. गोदमार चालत राहिले, तलवारीचं टोक छातीला टेकेपर्यंत.

"मार. पण मग तुझ्या मरणाच्या वेळी पापांची कबुली ऐकायला दुसरा कुणी शोध."

इझार्ननं तलवार खाली घेतली. तो चरफडत बाजूला झाला.

नदीच्या पुलापर्यंत माणसं सुखरूप गेली. सगळी मात्र नाही. रांगेच्या शेवटाला काही शिपायांनी गाठोडी हिसकावली, आणि आडवा आलेला एक विणकर जागीच मारला गेला. गोदमार धावत मागे आले तोवर उशीर झाला होता. ते त्याच्याशेजारी मातीत बसून राहिले. त्याच्या धर्माची प्रार्थना त्यांना येत नव्हती; आपली म्हणायचा धीर झाला नाही.

गावात गव्हाची कोठारं सापडली. वाटा होऊन छावणीत भाकरी भाजल्या गेल्या, तशी कुरकुर ओसरली. इझार्न मात्र बिशपांच्या पंगतीला पुन्हा बसला नाही.

उन्हाळ्यात तापाची साथ आली. जेरुसलेम अजून लांबच होतं, आणि बिशपांनी अंथरूण धरलं. शुश्रूषेला आल्देबेर्ता आली, कुणी न बोलावता.

"तू अजून माझ्यावर रागावली आहेस," ते म्हणाले.

"आहेच. जन्मभर राहीन."

"मग आलीस कशाला?"

"गावचे आहात म्हणून." तिनं त्यांची मान उचलून धरली. "माफी देवाकडे मागा. माझ्याकडे पाणी आहे, ते प्या."

ते प्यायले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी प्राण सोडला. अंगावरचा झगा तिनंच धुतला, आणि त्यात गुंडाळून त्यांना, आपल्या पोराला पुरलं होतं तशाच साध्या खड्ड्यात ठेवलं.