सूचनापेटीतली नजर

विश्वातली कोणतीही हालचाल बाबांच्या नजरेतून सुटत नाही. निदान बाहेरच्या खोलीत बाकांवर बसलेल्यांची तर नाहीच नाही.

शुक्रवारी सकाळी त्या खोलीत चाळीसेक माणसं खेटून बसली होती. आत जाऊन आलेला प्रत्येक जण डोळे विस्फारून परते. "कपड्याचा रंगसुद्धा सांगितला हो!" गवंड्याची बायको सांगत होती. "म्हणाले, मंगळवारी पहाटे तीन वाजून पाच मिनिटांनी तू निळ्या पदरानं डोळे पुसलेस. पदर निळाच की हा!"

"मला तीन वाजून नऊ," एक निवृत्त कारकून अभिमानानं म्हणाला. "चष्मा काढून कपाळ धरलं होतं म्हणे मी."

कोपऱ्यात उभा असलेला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला हे ऐकत होता. त्याला बाबांचं काही पडलेलं नव्हतं. पडलं होतं ते भाचीचं. आठ वर्षांची ती पोर समोरच्या बाकावर बसली होती. गोळ्या सुरू झाल्यापासून दीड वर्षात तिला एकही फिट आली नव्हती. नऊ दिवसांपूर्वी बाबा म्हणाले, "आजार मला दिसतोय. गोळ्या त्याला आत कोंडतात." आणि शिवणकाम करून घर चालवणाऱ्या त्याच्या बहिणीनं गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

बहीण आतून धावतच आली. "दादा, आता तरी ऐक! मंगळवारी पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी हिरवी पिशवी पोटाशी धरून मी रडले, हे त्यांना दिसलं."

"मंगळवारी पहाटे तू काय करत होतीस?"

"झोपले होते."

"मग रडलीस कधी?"

"आत्ता. इथंच, बाकावर. दहाच्या सुमाराला."

"झोपेत आत्मा रडतो," कारकुनानं खुलासा केला.

दुरुस्तीवाल्यानं मनात हिशेब मांडला. अख्ख्या रांगेचं रडणं मंगळवारी पहाटे दहा मिनिटांत उरकलं होतं, तेही रांगेच्या क्रमानं. आत्म्यांची एवढी शिस्त त्याला पटेना. चुकीची वेळ ठामपणे सांगणारी एक वस्तू मात्र त्याच्या रोजच्या ओळखीची होती.

बाकासमोर भिंतीवर सूचनापेटी होती. ती कुणी उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यानं खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"अहो, काय करताय?" सेवक धावला.

"सूचना द्यायचीय."

झाकण निघालं. आत पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर आणि त्याच्या यूएसबीत खुपसलेला वेबकॅम, चिठ्ठीच्या फटीला डोळा लावून. त्याचा दिवा काळ्या चिकटपट्टीनं बुजवलेला. असले कॅमेरे तो स्वतःच दुकानदारांना बसवून द्यायचा, तासाभराचं काम. वायर भिंतीतून पलीकडे गेली होती. तिच्यामागोमाग तो थेट आतल्या खोलीत शिरला आणि बाबांच्या पोथीच्या चौरंगावरचं कापड त्यानं उचललं. मागून लोक लोटले.

खाली एक छोटा स्क्रीन होता. स्क्रीनवर बाहेरची खोली. कडेला पांढऱ्या अक्षरात: मंगळवार, ०३:३१.

"दहा-दहा सेकंदांनी एक फोटो येतो," तो म्हणाला. "फोटोवर वेळ छापून येते. ह्या छोट्या कॉम्प्युटरात घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की वेळ थांबते, वीज आली की थांबली होती तिथून पुढे. इंटरनेट असेल तरच ती दुरुस्त होते. ह्यांनी ते जोडलंच नाही. मंगळवारी पहाटे वीज गेली असणार आणि हा आज सकाळीच पुन्हा चालू झाला असणार. स्क्रीनवर दिसलं ते बाबांनी वाचलं, एवढंच."

"ही सुरक्षेची व्यवस्था आहे," बाबा डोळे मिटून म्हणाले. "मूढांना ती कळायची नाही."

"बाबांनी लावलाय म्हणजे काही हेतू असेल," गवंड्याची बायको पुटपुटली.

"आहेच ना हेतू!" दुरुस्तीवाला तिच्याकडे वळला. "ताई, ह्यांना तुमचा पदर दिसला. पदराआडचं दुखणं दिसलं नाही. कुणी काही अचूक सांगितलं, तर आधी एवढंच विचारा: ह्याला हे कळलं कसं? आणि उत्तर मिळेपर्यंत औषध थांबवू नका."

बहीण ऐकत नव्हती. ती स्क्रीनकडे बघत होती. माणसं आत आल्यामुळे बाहेरची खोली मोकळी झाली होती. बाकावर एकटी भाची, पाय हलवत. मग पुढचा फोटो आला. बाक रिकामा होता.

"दादा!"

मुलगी फरशीवर ताठ झाली होती. तोंडाशी रक्त.

"आजार बाहेर पडतोय, हात लावू नका," दारातून सेवक म्हणाला. बहिणीनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. मामानं पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला हात दिला आणि फिट ओसरताच तिला उचलून रिक्षा गाठली.

डॉक्टरीणबाई बहिणीवर ओरडल्या नाहीत. "गोळ्या कधी बंद केल्या?" एवढंच विचारून त्यांनी लिहायला घेतलं. भावानं सांगितलं, नऊ दिवस झाले.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. फिट्स थांबल्या. पडताना पुढचा एक दात मुळापासून मोडला होता. तो दुधाचा नव्हता.