बोरीवरची अमरवेल

कॉलेजची सहल पोहरादेवीच्या धर्मशाळेत उतरल्यावर फुलसिंगने आपली ट्रंक इतरांच्या सामानात ठेवली नाही, दाराजवळ ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील बैलगाडी घेऊन येणार होते. त्यांचा तांडा तिथून दोन कोसांवर होता. कॉलेजची मंडळी मोटारीने परत निघाली की फुलसिंग गाडीत बसणार होता. पुन्हा कॉलेजात जायचं नाही, हे त्याचं ठरलं होतं.

मुनाफने ट्रंक पाहिली. मुनाफ कारंज्याच्या कापडदुकानदाराचा मुलगा आणि होस्टेलमधला त्याचा खोलीसोबती.

"इथं कायले ठेवली बे? चोराची सोय करून राह्यला का?"

"बाबा घेऊन जाईन."

"म्हणजे खरंच चालला तू? मले वाटलं, परीक्षेच्या भेवानं बोलून राह्यला."

"भेव नाई. मले समजतच नाई काही."

ते खरं होतं. प्रोफेसर सरनाईक वनस्पतिशास्त्र शिकवत. वर्गात येत, कडा पिवळ्या पडलेली वही उघडत आणि इंग्रजीतून वाचत. मुलं उतरवून घेत. कोणी काही विचारत नसे. प्रत्येक वाक्य आधीच पूर्ण झालेलं असे, त्यात शिरायला जागा नसे. फुलसिंगने सगळं सुबक अक्षरात लिहिलं होतं आणि परीक्षेपुरतं पाठही केलं होतं. पण संक्रांतीला घरी गेला तेव्हा आईने सहज विचारलं, काय शिकतोस रे? त्याला एक गोष्ट सांगता आली नाही. त्या दिवशी तो वडिलांशी बोलला. हरिसिंग म्हणाले, "शिकनं जमत नसंन तं वावर हाये. लाज कायची त्यात?"

ही सहलसुद्धा सरांनी हौसेने काढली नव्हती. कॉलेजातले वाळवलेले नमुने वाळवीने खाल्ले होते आणि नवे जमवल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सकाळी सगळे माळावर गेले. सर झाडाचं नाव सांगत, मुलं फांदी कापून रद्दीच्या कागदांत दाबत. एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीचं झाड होतं आणि त्याच्यावर पिवळ्या दोऱ्यांचा गुंता पसरला होता.

"अमरवेल," सर म्हणाले. "परजीवी. हिला मुळं नाहीत, पानं नाहीत. लिहून घ्या."

फुलसिंगने पेन्सिल टेकवली आणि थांबला. आज दुपारपासून आपण यांचे विद्यार्थी नाही, या विचाराने त्याची भीड चेपली असावी.

"सर, हिचं बी जमिनीतच उगवते ना?"

"हो."

"तवा ती झाडावर नसते. मुळं नाई, डोळे नाई. मंग तिले बोर सापडते कशी?"

"वास येत असंन," मुनाफ म्हणाला. "बोरं पिकली म्हणून." मुलं हसली.

सर हसले नाहीत. "कोवळं टोक गोल फिरत राहतं. फिरताना जे लागेल त्याला विळखा घालतं. पुस्तकात एवढंच आहे."

"पण इथं तं गवतच गवत हाये. फिरता फिरता पयले गवतच लागलं असतं. त्याले एकही विळखा नाई."

सर बोरीजवळ गेले आणि गुडघे टेकून गवत चाळू लागले. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. बराच वेळ गेला.

"गवताले लागून सोडून देलं असंन," ते स्वतःशीच म्हणाले. "नाई तं लागलंच नसंन." मग मान वर करून फुलसिंगकडे पाहिलं. "मले माहीत नाई."

सरांच्या तोंडून वऱ्हाडी मुलांनी पहिल्यांदाच ऐकली; सर रिसोडकडचे आहेत हे त्यांना तेव्हा कळलं.

"हे पाहायचं कसं?" सरांनी विचारलं. हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत होते आणि उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग मुनाफ म्हणाला, एका खोक्यात मधोमध हिचं बी पेरू, एका बाजूले बोरीचं रोप, दुसरीकडं गवताच्या जागी गहू. "आणि ऊन एकाच बाजूने आलं तर?" सर म्हणाले. "ती उन्हाकडे गेली की बोरीकडे, कसं ठरवणार?"

"खोकं रोज फिरवू," फुलसिंग म्हणाला.

"फिरवताना हलेल ना टोक."

"मंग दोन खोकी करू. एकात बोर इकडं, दुसऱ्यात तिकडं."

सर म्हणाले, "हां. हे जमेल." मुलं बोरीभोवती कोंडाळं करून भांडू लागली. कागद अर्धे कोरेच राहिले. मोटारवाला दोनदा भोंगा वाजवून थकला.

निघताना सरांनी अमरवेलीचा फळांनी लगडलेला एक तुकडा तोडून फुलसिंगच्या हातावर ठेवला. "बियांचं कवच टणक असतं. घासल्याशिवाय बी उगवत नाही. सोमवारी प्रयोगशाळेत ये. माझं पुस्तक चुकीचं निघालं, तर सगळ्यात आधी मला सांग."

फुलसिंगने तो तुकडा रद्दीच्या कागदात गुंडाळला. धुऱ्यापलीकडे बैलगाडी उभी होती. हरिसिंगांनी धर्मशाळेतून ट्रंक आणून गाडीत ठेवलीही होती.

"चाल बेटा."

"बाबा, ट्रंक उतरवा लागंन."

"काहून?"

"मले परत जा लागते."

"संक्रांतीले तं म्हनत होता, काही समजत नाई. आता समजलं?"

"नाई. सरलेही नाई समजलं."

हरिसिंगांनी सरांकडे पाहिलं. त्यांच्या पँटच्या गुडघ्यांना माती लागली होती. "त्याइलेच नाई समजलं? मंग तू जाऊन काय करसीन?"

"पाहू."

"काय पाहू?"

"तेच, काय होते ते. आन बाबा, आपल्या धुऱ्यावरच्या बोरीवर ही वेल हाये. ती काढू नोका. पाण्यापावसात बी कसं निंघते ते पाहाचं हाये मले."

"अमरवेल राखू?" हरिसिंगांचा आवाज चढला. "झाड खाते ते! लोक म्हनतीन, हरिसिंगानं पोराले शयरात धाडलं आन घरी वेल पोसली."

"एकच झाड, बाबा."

हरिसिंगांनी ट्रंक खाली ठेवली, जू सारखं केलं आणि गाडीवर चढले.

"एकच," ते कासरा ओढत म्हणाले. "दुसऱ्यावर गेली तं उपटीन. मंग तुया सरले सांग, काहून उपटली ते मले इचारू नोको म्हना."