सतरा नंबरचा पाझर

शुभांगीने फडक्याने सतरा नंबरचा व्हॉल्व्ह पुसून कोरडा केला आणि शाळेत वापरतात तो पांढरा खडू त्याच्या अंगावर आडवा घासला. मग हातपंपाचा दांडा मारून आत पाण्याचा दाब चढवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. चार मिनिटं काही झालं नाही. पाचव्या मिनिटाला व्हॉल्व्हच्या मानेखाली, खडूच्या पांढऱ्या पट्ट्यात, तिळाएवढा डाग काळवंडला. तिसरी चाचणी, आणि तिसऱ्यांदाही डाग त्याच जागी.

"थेंब पडला का?" मागून अमितने विचारलं. अमित म्हणजे कारखान्याचे मालक सुनीलशेठ यांचा भाचा आणि इथला मॅनेजर.

"नाही."

"मग झालं तर. मार पंच."

"पाझरतोय तो."

"फॉर्मवर काय विचारलंय? गळती आहे की नाही. पाझराचा रकाना आहे का कुठे?"

रकाना नव्हता, हे खरंच. मुंबईच्या गोदीत नौदलाचं एक जहाज बांधलं जात होतं आणि त्याच्यासाठी नाशिकच्या अंबडमधल्या या कारखान्यात गनमेटल या मिश्रधातूचे चोवीस व्हॉल्व्ह तयार झाले होते. जहाजाच्या पोटात, पाण्याखालच्या भागात ते बसणार. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी त्यांच्यातून आत येणार, आणि नको तेव्हा त्यांनीच ते अडवायचं. नौदलाचे इन्स्पेक्टर आठवड्यापूर्वी येऊन गेले होते. चोवीसातले तीन त्यांनी स्वतः निवडून तपासले. बाकीचे कारखान्याच्या शब्दावर जायचे होते.

आणि कारखान्याचा शब्द म्हणजे शुभांगीचा पंच. बोटाएवढी पोलादी कांडी, टोकाला उलटा सात कोरलेला. चाचणी झाली की व्हॉल्व्हच्या कडेवर ती धरायची आणि हातोडीचा एक ठोका द्यायचा. सात म्हणजे शुभांगी. उद्या भर समुद्रात काही बिघडलं, तर लोक कागद नंतर शोधतील, आधी तो सात बघतील. तेवीस व्हॉल्व्हांवर तिने सात उमटवला होता. एक राहिला होता.

आता नाशिकला समुद्र कुठला! इथे पुराचं पाणी मोजायचं ते गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर. शुभांगीने समुद्र एकदाच बघितला होता, तोही आयटीआयच्या सहलीत. पण ती इगतपुरीच्या डोंगरातली. तिथे पाऊस चार महिने खाली बसू देत नाही आणि भाताच्या खाचराचा बांध हेच घरातलं सगळ्यात मोठं काम. तिचे वडील भिमाजी पावसात बांधावरून अनवाणी चालायचे, तळव्याला गार लागलं की थांबायचे. म्हणायचे, "गळतंय ते दिसतंय गं. पाझरतंय ते नाय दिसत, अन् बांध त्येच खातंय."

तिने फॉर्मवर गळतीच्या रकान्यात "नाही" लिहिलं आणि त्याच्या शेजारी, कोऱ्या जागेत, "पाझर आहे" असं लिहून खाली रेघ मारली. अमितने ते वाचलं, नाकाने कांदे सोलू नकोस म्हणाला आणि कागद खिशात घालून निघून गेला. ही अष्टमीची दुपार.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात एकही मशीन सुरू होत नसे. सकाळभर पुसापुशी, धुलाई, मग लेथच्या पुढ्यात पाटावर लाल कापड घालून सगळ्यांची हत्यारं मांडायची आणि शेठच्या हातून पूजा. पाटावर ठेवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कोणी उचलायचं नाही. हा नियम सुनीलशेठचाच होता आणि ते त्याला पक्के होते. एकदा ऐन खंडेनवमीला दारात गाडी उभी असताना एक बोल्ट आवळायचा राहिला होता. शेठनी पान्ह्याला हात लावू दिला नाही. गाडी रात्रभर उभी राहिली, पण बोल्ट दसऱ्यालाच आवळला गेला.

शुभांगी झेंडूची पिशवी घेऊन आली तेव्हा सतरा नंबर तिच्या टेबलावर होता, चकाचक. अमितने सांगितलं की काल ती गेल्यावर त्याने पुन्हा चाचणी घेतली आणि व्हॉल्व्ह ठणठणीत कोरडा निघाला. बाहेरचंच पाणी अंगाला राहिलं असेल. आता पूजेआधी पंच मारून टाक, चार वाजता गाडी निघायची आहे.

तिने अंगठा मानेखाली फिरवला. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, पण अंगठ्याला कळलं. बारीक खळगे, एकाला एक लागून, वरून पॉलिश मारलेले. कोणीतरी गोल तोंडाच्या हातोडीने ती जागा ठोकून धातू दाबला होता आणि छिद्रं मिटवली होती. याला कारखान्यात मुका मार म्हणतात. माणसाला मुका मार बसला की वर काही दिसत नाही आणि आत दुखत राहतं, तसंच हे. महिना-दोन महिने टिकतं. मग समुद्र ते पुन्हा उघडतो.

आणि हात कोणाचा, तेही अंगठ्याला कळलं. प्रत्येक खळगा आधीच्या खळग्यावर निम्मा चढलेला, बाहेरून आत गोल गोल येत गेलेला. अख्ख्या अंबडमध्ये असा हात एकाच माणसाचा. वाल्मीकमामांचा. निफाडहून रोज बसने येणारे, एकतीस वर्षं या कारखान्यात काढलेले, दिवाळीला निवृत्त होणारे वाल्मीकमामा. नऊ वर्षांपूर्वी आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन आलेल्या पोरीला खडूची ही चाचणी त्यांनीच शिकवली होती. पहिल्यांदा पंच हातात देताना म्हणाले होते, हा कोणाला उसना द्यायचा नाय, आईबापाला सुद्धा नाय.

तिने त्यांच्या टेबलाकडे बघितलं. मामा पाठमोरे उभे राहून काम आवळून धरायचा शेगडा पुसत होते. एरवी ती आली की "आली का इगतपुरी एक्सप्रेस" म्हणून हाक मारायचे. आज पुसलेलंच पुन्हा पुसत राहिले, वळले नाहीत. तिला रडू आलं आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला.

शेठनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सुनीलशेठ माणूस वाईट नव्हता. एका जुन्या लेथवर सुरुवात करून त्यांनी हा कारखाना उभा केला होता. नावाने हाक मारून कामगारांच्या पोरांचे मार्क विचारायचे. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि शांतपणे समजावलं की माल दोनदा उशिरा गेलेला आहे. तिसऱ्यांदा उशीर झाला तर गोदीच्या पुरवठादारांच्या यादीतून नाव जाईल, आणि नवीन कास्टिंग ओतून यायला तीन आठवडे लागतील. चाळीस माणसं इथे काम करतात. अमित म्हणतो, व्हॉल्व्ह कोरडा आहे. मग अडतंय कुठे?

"काल पाझरत होता," शुभांगी म्हणाली.

"आणि आज?"

आजचं खरं सांगायचं तर मामांचं नाव घ्यावं लागलं असतं. एकतीस वर्षांनंतर, दिवाळीच्या तोंडावर, मामा मान खाली घालून गेटबाहेर गेले असते. आणि अमित हात झटकून मोकळा झाला असता. नाव ती घेणार नव्हती. पंचही मारणार नव्हती. दोन्ही गोष्टी तिने अंगठा उचलला तेव्हाच ठरवल्या होत्या.

"मी पंच मारणार नाही, शेठ."

शेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "पूजा होईपर्यंत विचार कर. नसेल मारायचा तर पंच अमितकडे दे आणि घरी जा. पुन्हा यायची गरज नाही."

नोकरी जाईल याची तिला भीती वाटली, नाही असं नाही. इंदिरानगरच्या खोलीत धाकटी बहीण पल्लवी नर्सिंगला शिकत होती आणि ते घर शुभांगीच्याच पगारावर चालत होतं. पण पंच दिला म्हणजे सात नंबर दिला. ती गेल्यावर सतरावर सात उमटणार, आणि तो सात तिचाच असणार, जन्मभर. हे काय नोकरीपेक्षा लहान होतं?

ती केबिनमधून निघाली ती सरळ लाल कापडापाशी गेली. तिथे पान्हे, कानशी, मापाच्या पट्ट्या आणि बाकी सगळ्यांच्या हातोड्या ओळीने मांडल्या होत्या. मधोमध मात्र एक जागा रिकामी होती. दरवर्षी तिथे वाल्मीकमामांची हातोडी असायची. तिने ती रिकामी जागा बघितली. कोणी तिथे नारळ ठेवायला आलं, त्याला तिने तो बाजूला ठेवायला लावला. मग खिशातून पंच काढला, ओढणीने पुसला, रिकाम्या जागेच्या शेजारी ठेवला आणि त्यावर झेंडूचं एक फूल वाहिलं.

शेठ आले, मांडी घालून बसले. प्रत्येक हत्यारावर त्यांनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. सातच्या पंचावरही वाहिलं, बघून की न बघता, कोणास ठाऊक. आरतीसाठी सगळे उभे राहिले तेव्हा अमित तिच्या जवळ सरकला.

"पंच दे."

"पूजेत आहे," ती म्हणाली.

एवढं साधं बोलली, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कोणीतरी हसू दाबलं. अमितचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. तो खाली वाकला.

"अमित," शेठ म्हणाले. "हात मागे घे."

अमितने हात मागे घेतला, पण हार मानली नाही. सात नंबरचा पंच काय, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, अर्ध्या तासात आणतो, असं तो म्हणाला. मागून कोणीतरी विचारलं की पंच आणाल हो, पण ठोकणार कशाने? साऱ्या हातोड्या कुंकू लावून बसल्यात. तेव्हा अमितचं लक्ष वाल्मीकमामांच्या खांद्यावरच्या पिशवीकडे गेलं. पिशवीतून हातोडीचा दांडा डोकावत होता.

"ही आहे की बाहेर," तो म्हणाला. "मामा, द्या इकडे."

सगळे वळले. एकतीस वर्षांत मामांची हातोडी पूजेत नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि ते शुभांगीशिवाय एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मामांनी पिशवी छातीशी धरली.

"ती नाय मिळायची," ते म्हणाले. "ती बाटलीय."

"बाटली म्हणजे?" शेठनी विचारलं.

"काल संध्याकाळी ह्या हातोडीनं सतरा नंबरला मुका मार दिलाय, शेठ. अमितभाऊ बोलले, दिवाळीला सुखानं घरी जायचं ना मामा. अन् मी मारला. सांगणारा कोणी का असंना, हात माझाच हाय." मामांनी शुभांगीकडे बोट केलं. "सकाळी पोरगी अंगठा फिरवून गेली. तिला तवाच कळलं कोणाचं काम हाय त्ये. तुम्ही तिला घरी जा बोललात, हितवर ऐकू आलं त्ये, तरी माझं नाव नाय घेतलं तिनं."

 निरांजनातली वात फडफडत होती. शेठनी अमितकडे बघितलं, मग शुभांगीकडे.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"पंच मारणार नाही म्हटलं होतं, शेठ. तुम्ही ऐकलं नाही."

 शेठनी तिथेच उभ्या उभ्या मुंबईला गोदीच्या खरेदी विभागात फोन लावला. तेवीस व्हॉल्व्ह आज निघतील, एक येणार नाही, असं सांगितलं. तिकडून कारण विचारलं असावं.

"नाही, गळत नाही," शेठ म्हणाले. मग शुभांगीकडे बघत, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "पाझरतोय."

तिकडचं बोलणं बराच वेळ चाललं. शेठ ऐकत राहिले.  शेवटी ते एवढंच म्हणाले की यादीतून काढायचं असेल तर काढा साहेब, पण सतरा नंबर यायचा नाही, आणि फोन ठेवून दिला. नाव राहिलं की गेलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. अमित गाडीवाल्याशी बोलायला म्हणून बाहेर गेला.

शुभांगी मामांजवळ गेली.

"मामा, जागा ठेवलीय," ती हळूच म्हणाली. "ठेवा हातोडी."

मामांनी लाल कापडावरच्या त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. तिथे फूल नव्हतं की कुंकू नव्हतं. त्यांनी पिशवीतून हातोडी काढली, दोन्ही हातांत धरली, आणि शुभांगीला वाटलं की आता वाकतील.

"यंदा नाय," ते म्हणाले. त्यांनी हातोडी तिच्या हातात दिली. "पुढल्या साली मी नसंन हितं. तू ठेव."

शेठनी आरतीचं तबक उचललं. सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. शुभांगीच्या हातात हातोडी होती, दांडा घामाने गुळगुळीत झालेला, वाटली होती त्याहून जड. टाळ्या वाजवायला तिचा हात मोकळा नव्हता. तिने ती खाली ठेवली नाही.