गुलाबाचा वाडगा

आमच्या घरात खेळावरचा शेवटचा शब्द विश्वासचा. खेळ कोणता, हा प्रश्न गौण आहे. नवरा कधी न पाहिलेल्या खेळावरही तासभर बोलू शकतो आणि मी ते ऐकून घेते, कारण एरवी माणूस चांगला आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचं, ज्ञानदाचं लग्न पुण्यात बारा फेब्रुवारीला ठरलं आणि नेमकी त्याच आठवड्यात ॲमस्टरडॅममधल्या स्लोटरडाइकच्या आमच्या ऑफिसात नवी सिस्टिम चालू व्हायची होती. टीममधल्या एकालाच रजा मिळणार होती. मला करवली व्हायचं होतं आणि योरिसला स्कीइंगला जायचं होतं. बॉस क्रेग अमेरिकन. त्याने असा तोडगा काढला, की माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे कॉलेजच्या फुटबॉलचा मोसम संपला की अठ्ठावीस मोठे सामने होतात. सगळ्या टीमने त्यांचे निकाल आधीच ओळखून लिहायचे. ज्याचे गुण जास्त, त्याला रजा.

सामन्यांची नावं पाहून तर मी कपाळाला हात लावला. प्रत्येकाच्या शेवटी बाऊल. संत्र्याचा वाडगा, कापसाचा वाडगा, साखरेचा वाडगा, गुलाबाचा वाडगा. ही पोरं खेळायला येतात की जेवायला?

"मी आहे ना," विश्वास म्हणाला. पैजेच्या टिप्स देणाऱ्या वेबसाइट त्याने दोन संध्याकाळ वाचल्या आणि तिसऱ्या दिवशी तो तज्ज्ञ झाला. सत्तावीस सामने मी त्याच्या सांगण्यावरून निमूट भरले. राहिला शेवटचा, गुलाबाचा. कॅलिफोर्निया विरुद्ध टेक्सस.

"कॅलिफोर्निया. डोळे झाकून लिही. सलग चौतीस सामने जिंकलेत ते."

"पण टेक्ससही हरलेली नाहीये ना?"

"मंजू, तुला यातलं काही कळत नाही."

या वाक्यावर मी टेक्सस लिहिलं.

मग प्रत्येक सामन्यापुढे खात्रीप्रमाणे एक ते अठ्ठावीस आकडे टाकायचे होते. शाळेत जिचा पहिला नंबर आला की घरी पेढे आणायचे, ती मी. सर्वांत खात्रीच्या सामन्याला एक दिला, त्याखालच्याला दोन. रागाच्या भरात लिहिलेलं टेक्सस अर्थातच अठ्ठाविसावं. कागद क्रेगकडे दिला आणि घरी जायला नीउ-व्हेनेपची ट्रेन पकडली.

दुसऱ्या दिवशी योरिसने विचारलं, "मंजूषा, सगळ्यात सोप्या सामन्याला एकच गुण?"

तो आकडा नंबर नव्हता, गुण होते! अंदाज बरोबर आला, की तेवढेच मिळणार. क्रेगला विनवलं, पण बदल बंद झाले होते. घरी सांगितलं तेव्हा विश्वास पोट धरून हसला, मग माझा चेहरा पाहून पाणी आणायला धावला. मी ढसाढसा रडले. त्याच संध्याकाळी ज्ञानदाचा फोन आला. "ताई, करा तूच धरायचास हं. दुसऱ्या कोणाला सांगणार नाहीये मी." मी "बघू" म्हणाले.

आणि मग गंमत सुरू झाली. विश्वासच्या पक्क्या टीम एकेक करून आपटू लागल्या. माझं नुकसान एका-दोन गुणांचं. त्याच्या डळमळीत टीम जिंकल्या, की माझे वीस-पंचवीस. जानेवारी उजाडला, बाकीचे मागे पडले आणि गुलाबाचा वाडगा तेवढा राहिला. योरिस एकवीस गुणांनी पुढे होता. त्याने अठ्ठावीस गुण कॅलिफोर्नियावर लावले होते. म्हणजे टेक्सस जिंकली तरच मी करवली.

सामना आपल्या वेळेने पहाटे संपणार होता. मला ते बघवणार नव्हतं, म्हणून मी कान झाकून झोपले. सहाच्या सुमारास उठले तर स्वयंपाकघरात दिवा. शाल पांघरून विश्वास लॅपटॉपसमोर बसला होता.

"अडतीस-तेहतीस," तो म्हणाला. "आपण मागे आहोत."

"आपण? तू तर कॅलिफोर्नियाचा ना?"

"गप्प बस गं." त्याने पुन्हा स्कोअरचं पान उघडलं. पुन्हा. आणि एकदम खुर्ची पाडत उठला. "गेला रेषेपार! एकोणीस सेकंद राहिलेत आणि टेक्सस पुढे! मंजे, टेक्सस पुढे!"

ते एकोणीस सेकंद पान उघडता उघडता पाच मिनिटं चालले. एकेचाळीस-अडतीस. विश्वासने मला धरून स्वयंपाकघरभर गरगरा फिरवलं. मी हसत होते आणि रडतही होते. तशीच पुण्याला फोन लावला. "ज्ञानदे, करवली येतेय," म्हटल्यावर तिकडून जी किंकाळी आली, ती विश्वासलाही ऐकू गेली.

चहा टाकायला वळले, तर गॅसशेजारी माझा कोशिंबिरीचा काचेचा वाडगा काठोकाठ पाण्याने भरलेला. आत देव्हाऱ्यातला आपला पितळी गणपती.

माझ्या संकष्टीला "उपाशी राहून काय होतं?" म्हणणाऱ्या माणसाने देव पाण्यात ठेवले होते! तेही स्वतःच्या टिपविरुद्ध.

"हे कधी?"

"तू झोपल्यावर," तो खाली बघत म्हणाला. "आता काढ त्याला. रात्रभर गार पाण्यात आहे बिचारा."

मी गणपतीला काढलं, मऊ पंच्याने कोरडं केलं आणि जागेवर ठेवलं. त्या वाडग्यात मात्र आम्ही अजून कोशिंबीर करत नाही.