शून्याकडच्या टोकाची धास्ती

मित्रांनो, शून्याकडचं टोक गमावलेली मी सागाची जुनी फूटपट्टी. घाबरट म्हणा मला, हरकत नाही. लाकडाच्या जातीला पात्याची भीती असतेच, आणि माझ्यावर तर ते पातं मायेच्या माणसानंच चालवलं!

माझा जन्म जालन्याच्या एका सुताराकडे, दाराच्या चौकटीतून उरलेल्या तुकड्यापासून झाला. वाटूरच्या शाळेतले पुंजाराम गुरुजी मला घेऊन गेले. किती वर्षं मी त्यांच्यासाठी समास आखले! "अशी सरळ पट्टी बाजारात मिळायची न्हाई," असं ते चारचौघांत सांगत, तेव्हा मी नुसती फुलून जाई. मग प्लास्टिकच्या रंगीत पट्ट्या आल्या आणि मी धूळ खात पडले. चौऱ्याहत्तर साली त्यांची लेक बेबीनंदा जालन्याला कॉलेजात गेली, तेव्हा तिच्या पिशवीतून मीही गेले.

बेबीनंदाला गणिताची मास्तरीण व्हायचं होतं. पण तिथले तातेराव सर! त्यांनी वर्गाला बजावलं होतं, "ज्याला संचयबिंदू सांगता येणार न्हाई, त्यानं पुढच्या वर्षी गणित घ्यायचं न्हाई. बिलकुल न्हाई." सोमवारी बेबीनंदाची पाळी होती. पुस्तकात लिहिलं होतं: एक, अर्धा, एक तृतीयांश, पाव, अशा संख्या घेत जा, त्यांचा संचयबिंदू शून्य. ज्याच्याभोवती कितीही चिमुकली जागा घेतली तरी तिच्यात, त्याच्याखेरीज, त्या संख्यांपैकी एखादी सापडतेच, तो संचयबिंदू. हे ती घोकघोक घोकी आणि रडवेली होई.

शेवटी रविवारी तिनं पेन्सिलीचं ब्लेड काढलं. माझी अख्खी लांबी म्हणजे एक, असं धरलं. अर्ध्यावर एक चीर पाडली, तिसऱ्या हिश्शावर एक, पावावर एक. चिरा शून्याकडे सरकू लागल्या तशी मी लटपटले. प्रत्येक चीर आधीच्या चिरेला आणखी खेटून. अगं बाई, थांब की! पण ती थांबेना. टोकापासून अर्ध्या इंचावर चिरा एकमेकींत मिसळल्या. तिनं शाई भरली, तेव्हा तिथं नुसता काळा पट्टा दिसू लागला आणि टोक पार ठिसूळ झालं.

"समजलं!" ती आनंदानं म्हणाली. "हा सगळा काळा पट्टाच संचयबिंदूंचा हाय."

अगं वेडे, ती गर्दी संख्यांची नाही, ब्लेडच्या जाडीची आहे! पण मला तोंड कुठं होतं? आता माझ्यामुळंच पोरीचं गणित जाणार, या धास्तीनं मी माझ्या टोकाची भीतीसुद्धा विसरले.

सोमवारी तिनं मला वर्गात नेलं आणि तेच सांगितलं. तातेराव सरांनी मला हातात घेतलं, काळं टोक टेबलाच्या कडेबाहेर काढलं आणि वरून तळहात मारला. कडाड! माझं टोक फरशीवर पडलं.

"मंग सांग आता. संचयबिंदू कुठं गेला?"

बापाची पट्टी मोडली होती आणि गणितही हातचं चाललं होतं. बेबीनंदानं वाकून तो तुकडा उचलला आणि ती हळूच बोलली, "कुठंच न्हाई गेला, सर. लाकूड गेलं. संख्या तर हायेतच."

"आन् तो काळा पट्टा?"

"त्यो ब्लेडचा होता, सर. शून्य सोडून कोणताबी बिंदू धरा, त्याच्या दोन्ही अंगांना थोडी मोकळी जागा राहतीच, लई बारीक असली तरी. शून्याला तशी जागाच न्हाई. कितीबी जवळ जा, तिथं कुणीतरी हायेच." तिनं तुकडा टेबलावर ठेवला. "आन् शून्य सोता त्या संख्यांत न्हाई. तरीबी संचयबिंदू तेच."

"बराबर," सर म्हणाले. "गणित घे."

शनिवारी ती वाटूरला आली. गुरुजींनी पिशवीतून मला काढलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"कुणी मोडली?"

"सरांनी."

गुरुजींनी मला खाली टाकलं. लेकीचे दोन्ही हात ओढून घेतले आणि तळवे उलटसुलट करून पाहू लागले. "लई मारलं का गं?"

"न्हाई आबा. मारलं न्हाई. गणित मिळालं मला!"

गुरुजी मटकन खाली बसले. हसले, डोळेही पुसले. पण ते तळवे त्यांनी बराच वेळ सोडले नाहीत. सोमवारी शाळेला निघाले, ते पोरांच्या तळव्यांवर रोज चालणारी छडी घरीच ठेवून.

मित्रांनो, आमची निगा राखा, असं मी म्हणायला हवं. पण आमचं काय, लाकूडच ते, कधीतरी मोडणार. समजून घ्यायचं असेल तर आमच्यावर खुशाल चिरा पाडा. पोरांच्या तळव्यांना मात्र जपा.